भावोजींची मोरी

रस्त्यावरून चालणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण रस्त्याशी संसार थाटलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या नशिबी आला. आमचे भावोजी मुंबई-गोवा हमरस्त्यावर मुकादम होते. हातखंब्याच्या अलीकडे एका वळणावर वाकणवाडी म्हणून पंधरा-सोळा घरांची वस्ती होती. तिथे ताईचं घर, घरापुढे रस्ता, आणि त्या रस्त्याचे आठ मैल म्हणजे भावोजींची हद्द. मैलांचे किलोमीटर होऊन जमाना लोटला होता, पण भावोजींच्या हद्दीत मैलच चालत. "किलोमीटर म्हटल्यानं रस्ता लांब होतो काय? नाय ना? मग?" असं ते विचारीत. या 'मग'ला मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

मी तेव्हा रत्नागिरीला मुलींच्या शाळेत शिकवत होते. ऐंशी साल नुकतंच उलटलेलं. शनिवारची सकाळची शाळा सुटली की तडक एस.टी. स्टँड गाठायचा आणि जेवायला ताईकडे हजर व्हायचं, हा माझा नेम. मेहुणीनं थट्टा करायची आणि भावोजींनी लटकं रागवायचं अशी जगाची रीत आहे. पण आमच्या भावोजींना थट्टा कळतच नसे, त्यामुळे माझे निम्मे बाण फुकट जात. एकदा मी त्यांना विचारलं, "भावोजी, समजा ताई आणि रस्ता एकाच दिवशी आजारी पडले, तर आधी कुणाकडे धावाल?" दुसरा कुणी असता तर हसून वेळ मारून नेली असती. भावोजींनी डोकं खाजवलं, छपराकडे बघितलं आणि अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "कुठच्या महिन्यात?" ताई चुलीपासून म्हणाली, "जूनमध्ये नाही हो पडणार मी. निश्चिंत असा."

पहाटे उठून ते हद्द चालायला निघत. खाकी अर्धी चड्डी, डोक्याला पंचा, हातात कोयती. खात्यानं दिलेले गमबूट खुंटीला टांगलेले असत. ते झिजतील म्हणून भावोजी अनवाणी चालत. अनवाणी चालण्याचं दुसरंही कारण होतं. डांबर कुठे पोकळ झालंय ते म्हणे तळव्याला आधी कळतं, डोळ्याला मागाहून. वाटेत थांबून, वाकून, ते डांबराला हात लावून बघत. एप्रिल-मेच्या दुपारी तर आईनं पोराचं कपाळ बघावं तसे. घरी पाहुणा आला की "प्रवास कसा झाला" हे त्यांनी कधी विचारलं नाही. "निवळीच्या उतारावर गाडी अजून डावीकडे कलते का हो?" हा पहिला प्रश्न. पाहुणा झोपून आलेला असला तर संपलंच. तो माणूस कितीही शिकलेला असो, भावोजींच्या लेखी कायमचा उतरायचा.

माझं लग्नसुद्धा पुढे याच शास्त्रानं जमलं. वडिलांनी मुलाकडची चौकशी करायला भावोजींना पाठवलं. ते संध्याकाळी परत आले ते एकदम खूश.

"मुलगा करतो काय?" वडिलांनी विचारलं.

"तां विचारायचं राहिलं."

"मग माणसं कशी आहेत?"

"अंगणाला उतार काय सुरेख दिलाय! चार घागरी ओतून बघितल्या मी. थेंब साचला नाय. अशा घरात भांडण तुंबून राहायचं नाय, मामा. द्या मुलगी."

त्या उतारावर माझं लग्न ठरलं. आता खोटं कशाला बोलू, आमच्यात भांडणं पुष्कळ होतात. पण तुंबत मात्र नाहीत.

घरात ताईचा जीव त्यांनी वेगळ्याच तऱ्हेनं खाल्लेला होता. मोदकाची पारी बघून "दबाई कमी पडली" म्हणायचे, भाकरीला "पृष्ठभाग चांगलाय" म्हणून शाबासकी द्यायचे, आणि नारळीपाकाच्या पातेल्यात डोकावून "उतरव, उतरव, आटलं!" म्हणून असे ओरडायचे की जणू खाली पाक नसून डांबराचं पिंप तापतंय. त्यातून कधीतरी डॉक्टरनं त्यांना तेल वर्ज्य सांगितलं. झालं! तेव्हापासून आमटी असो, सार असो, नाहीतर कोंबडीचा रस्सा असो, वाटी पुढे करताना भावोजींचं एकच वाक्य असे, "खालून वाढ." म्हणजे वर तरंगणारा तवंग न हलवता पळी हळूच तळाला न्यायची आणि खालचं पाणी तेवढं उचलायचं. त्यात ताईचा हात इतका बसला होता की तिनं वाढलेल्या वाटीत तेलाचा ठिपका म्हणून सापडायचा नाही. वर राहिलेला तवंग सगळा आमच्या वाट्याला. मी तिथे शनिवार-रविवार जेवूनच अंगानं भरले असं माझं ठाम मत आहे.

लॉऱ्यांशी त्यांचं नातं सासू-सुनेचं होतं. एकमेकांवाचून चालत नाही आणि एकमेकांचं काही पटत नाही. रस्त्यावरचा ओला ओघळ हुंगून ते सांगत, "ही मिरकरवाड्याची. बांगडा होता. बर्फ कमी घातलान मेल्यानं." मिरकरवाड्याच्या बंदरातून येणाऱ्या मासळीच्या गाडीतून गळणारं खारट पाणी, चिऱ्याच्या गाडीतून उडणारी लाल माती, आंब्याच्या पेट्यांतलं उडून आलेलं गवत, असं सगळं त्यांना पाठ. वाकणवाडीच्या चढावर लॉऱ्या पहिल्या गिअरवर रेकत वर यायच्या आणि काळा धूर ओकायच्या. कडेची जांभळं-करंजं बारा महिने काळवंडलेली. भावोजी अशा वेळी काय करायचे, तर झाडाचं एक काजळलेलं पान तोडायचे, चढावर दमून थांबलेल्या लॉरीच्या पायरीवर चढायचे आणि ते पान ड्रायव्हरच्या हातात ठेवून म्हणायचे, "हां घे. तुझां हाय." बस्स. शिवी नाही, पावती नाही. पंजाबपासून मंगलोरपर्यंतचे ड्रायव्हर ते पान हातात घेऊन भांबावून बसायचे. पण गंमत अशी, की काही गाड्या पुढच्या खेपेला खरंच कमी धूर सोडत यायच्या आणि ड्रायव्हर लांबूनच ओरडायचा, "मुकादम, आज पान मत देना!"

डांबर तापवायला त्यांनी आपल्या हद्दीत कधी ओलं झाड तोडू दिलं नाही, की जुने टायर जाळू दिले नाहीत. इतर ठिकाणी सर्रास टायर जाळत. भावोजींची माणसं मात्र मैलभर हिंडून वाळकी लाकडं गोळा करायची आणि मुकादमाच्या नावानं बोटं मोडायची.

पण भावोजींचा खरा जीव होता तो मोऱ्यांवर. मोरी म्हणजे आपली घरातली नव्हे. रस्त्याखालून डोंगराचं पाणी पलीकडे जायला दगडी वाट बांधलेली असते ती. "गाडी रस्ता झिजवते, पाणी रस्ता नेतं," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. त्यांच्या हद्दीत अकरा मोऱ्या होत्या आणि त्यांतली वाकणवाडीच्या वळणावरची लाडकी. ताई तिला उघड उघड सवत म्हणायची. मे संपायच्या आत भावोजी त्या मोरीत स्वतः रांगत शिरत आणि पालापाचोळा, गाळ बाहेर काढत; एकदा तर अख्खी घोरपड निघाली. मग एका तोंडाशी मला उकिडवी बसवून दुसऱ्या तोंडाशी आपण बसत आणि विचारत, "मास्तरीण, दिसतो का मी?" मला त्यांचा हसरा चेहरा आरपार दिसला की त्यांचा पावसाळा सुरू झाला म्हणायचा.

आणि याच मोरीनं त्यांचा घात केला.

झालं असं, की चढावर बंद पडलेल्या लॉऱ्या तिथेच रस्त्यात खोलून ठेवायचे. त्यातून ऑइल आणि डिझेल गळून डांबर मऊ पडायचं. भावोजींना ते बघवेना. म्हणून त्यांनी मिरकरवाड्याचा शौकत मिस्त्री होता, ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करणारा, त्याला मिनतवारी करून वळणावर आणून बसवलं. कडेच्या मोकळ्या जागेत त्यानं चार वासे रोवून वर माडाचे झाप घातले, गॅरेज सुरू झालं. शौकत मोठा गुणी माणूस. भावोजींनी त्याला पहिल्या दिवशी एकच दम दिला: "काळं ऑइल डांबरावर सांडायचं नाय. कडेच्या गटारात सोड. पाऊस आला की मोरीतनं जाईल निघून." शौकतनं शब्द पाळला. दोन वर्षं तो रोज इमानानं गटारात ऑइल सोडत होता, आणि भावोजी रोज इमानानं मोरी साफ ठेवत होते. ते निघून जातं कुठे, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. रस्त्याच्या माणसाचं जग रस्त्याच्या कडेपर्यंत. त्याच्या पलीकडे पाणी गेलं की ते भावोजींच्या मनातूनही जायचं.

मोरीच्या पलीकडे होता पऱ्ह्या, म्हणजे पावसाळी ओढा, आणि पऱ्ह्याच्या काठावर वाडीची विहीर. सबंध वाडीला प्यायला तेवढीच. दुसरी विहीर मैलभर चढून वरच्या वाडीत.

श्रावणातल्या एका शनिवारी मी पोचले तर ताईच्या ओट्यावर वाडीतल्या बायका जमलेल्या. पुढे गंगाकाकू. गंगाकाकू म्हणजे वाडीतली सगळ्यात म्हातारी बाई. तिच्यापुढे बोलायची पोलीसपाटलाची छाती नव्हती. तिनं कळशी भावोजींच्या पुढ्यात आदळली. पाण्यावर निळ्या-जांभळ्या रंगाचा पातळ तवंग फिरत होता आणि वास येत होता तो थेट शौकतच्या गॅरेजचा.

"मुकादमा, ह्या पानी पोरांना पाजू का कंदिलात घालू, तेवडा सांग!"

भावोजींनी कळशीत बोट बुडवलं, नाकाशी नेलं. लॉरीचा माल नुसत्या वासावरून ओळखणारा माणूस तो. त्याला एका क्षणात सगळं उमगलं. त्यांचा चेहरा असा उतरला की माझ्या ओठांवर आलेला टोमणा मी गिळला. "गणपती पंधरा दिवसांवर आले," गंगाकाकू म्हणाली, "मुंबईची माणसां येतील. त्यांना काय ह्या पाजायचा?"

बायकांनी मोर्चा शौकतकडे वळवला. तो बिचारा स्पॅनर हातात धरून उभा. "मुकादम, तुम्हीच सांगितलात ना, गटारात सोड?" एवढंच तो म्हणाला. भावोजी म्हणाले, "हो. मीच." तेवढ्यावर ताई जी घरात गेली ती संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. रात्री पान वाढताना एकच वाक्य म्हणाली, "तुमच्या मोरीनं माझी विहीर बाटवली."

रविवारी सकाळी पाऊस कोसळत होता. भावोजी नेहमीसारखे हद्द बघायला गेलेले. नऊच्या सुमाराला ते परत येताना मी त्यांना ओट्यावरून बघत होते. वळणावर येताच ते थबकले आणि धावत सुटले, तशी मीही ओट्यावरून खाली धावले. त्यांच्या लाडक्या मोरीचं तोंड कुणीतरी दगड, गोणपाटं आणि चिखलाचे गोळे लावून गच्च बंद केलं होतं. कुणीतरी म्हणजे कोण? पदर खोचून, कोपरापर्यंत चिखलानं माखून, मोरीवर राखणीला बसली होती गंगाकाकू, आणि तिच्या शेजारी आमची ताई.

डोंगराचं पाणी अडून वरच्या अंगाला तळं झालं होतं. रस्त्याची कड ढासळायला लागली होती. माझ्यादेखत हातभर डांबराचा तुकडा मोडला आणि पाण्यात गेला.

"ऊठ," भावोजी म्हणाले.

"नाही उठायची," ताई म्हणाली. "उघडलीत की पुन्हा सगळं काळं विहिरीत. रस्ता जाऊ दे गेला तर."

"अगो, रस्ता गेला तर मी परत बांधीन. पण दहाची देवरुख एस.टी. यायची हाय. पावसात तुटलेली कड ड्रायव्हरला दिसायची नाय."

भावोजी तिच्यासमोर चिखलातच बसले. "पाप माझां हाय," ते म्हणाले. "विहिरीचं मी बघतो. आठ दिवस दे मला. आठ दिवसांत नाय जमलं तर तूच बंद कर मोरी, मी तुला दगड आणून देईन. पण आता ऊठ."

ताईनं गंगाकाकूकडे पाहिलं. गंगाकाकू गुडघ्यावर हात टेकत उठली, म्हणाली, "आठ दिस हां, मुकादमा. नववा नाय." मग तिघांनी मिळूनच ते दगड काढले. पाणी धडधडत मोरीतून गेलं, आणि थोड्या वेळानं देवरुख एस.टी. घरंगळत वळणावरून पार झाली. आतल्या माणसांना काही पत्ताच नव्हता.

दुपारी आम्ही जेवायला बसलो. ताई रागात होती, पण हाताला काय राग समजतो? भावोजींची वाटी पुढे आली आणि तिची पळी सवयीनं तळाला गेली. खालची आमटी तिनं अलगद उचलून वाढली. पातेल्यातला तवंग जागचा हलला नाही. भावोजी वाटीकडे बघत राहिले. मग पातेल्याकडे. मग पुन्हा वाटीकडे.

"काय झालं? खारट आहे?" मी विचारलं.

"अगो, खालून!" भावोजी ओरडले. "खालून वाढायचं!"

"खालूनच वाढलंय," ताई ठणकावून म्हणाली.

पण ते उठले होते. उष्ट्या हातानं, भरल्या ताटावरून उठून ते पावसात पळाले आणि शौकतच्या नावानं हाका मारत सुटले. ताईनं कपाळावर हात मारला. "गेलं," ती मला म्हणाली, "डोकं फिरलं ह्यांचं."

डोकं फिरलं नव्हतं; उलट आयुष्यात पहिल्यांदा ते रस्त्याची कड ओलांडून पलीकडे गेलं होतं. युक्ती अगदी सोपी होती. गॅरेजच्या गटाराचं पाणी थेट मोरीत सोडायचं नाही. मध्ये चिऱ्याची टाकी बांधायची आणि टाकीच्या मध्यावर एक आडवी भिंत घालायची, पण ती तळाला टेकवायची नाही. खाली वीतभर फट ठेवायची. ऑइल वर तरंगत अलीकडे अडकेल, खालचं स्वच्छ पाणी फटीतून पलीकडे चढेल आणि वरच्या तोंडानं मोरीत जाईल. भावोजींनी मला हे समजावलं ते आमटीच्या वाटीत तळहात उभा धरून.

चिरे आले ते एका चिरेवाल्या लॉरीतून. तिच्या ड्रायव्हरनं मागे मोरीचा कठडा ठोकरला होता आणि भावोजींनी त्याला तेव्हापासून रोज पान दिलं होतं. खात्याच्या वेळात एक दगड हलवायचा नाही, असा भावोजींचा हट्ट, त्यामुळे काम चालायचं ते काम सुटल्यावर अंधार पडेपर्यंत. गवंडी आला, त्यानं मधली भिंत बघितली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मुकादम, जन्मभर पाया, पाया करून आमचा जीव खाल्लात, आणि आता बिनपायाची भिंत घालायला सांगताय?" सगळी वाडी हसायची. भावोजीही हसायचे. शेवटी एक लांब काळा दगड दोन्ही बाजूंच्या खाचांत बसवला आणि ती भिंत अधांतरी उभी राहिली.

इकडे प्यायच्या पाण्याचं काय? ते आठ दिवस रोज हद्द चालून आल्यावर भावोजी स्वतः कावड घेऊन वरच्या वाडीला जायचे आणि पहिली खेप गंगाकाकूच्या दारात ओतायचे. ड्रायव्हर लोकांनी मुकादमाला कावड घेऊन चढ चढताना बघितलं. लॉरीत बसा म्हटलं तर बसणार नाहीत. हद्दीत गाडीत बसायचं नाही असा त्यांचा आणखी एक नियम. मग एका मंगलोरी ड्रायव्हरनं पाली गावच्या नळावरून धुतलेले दोन कॅन भरून आणले आणि न बोलता ताईच्या ओट्यावर ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांनी. ज्या गाड्यांच्या ऑइलनं विहीर गेली त्याच गाड्यांवर वाडीचं पाणी यायला लागलं.

सातव्या दिवशी, पुन्हा शनिवारीच, टाकी पुरी झाली. मीही हजर होते. शौकतनं गटारात मुद्दाम वाटीभर काळं ऑइल ओतलं, वर पाण्याच्या घागरी. सगळी वाडी टाकीभोवती वाकून बसलेली. अलीकडच्या भागात काळा तवंग पसरला, भिंतीशी आला, थांबला. पलीकडे पाणी चढलं ते नुसतं गढूळ, मातीचं. गंगाकाकूनं त्यात ओंजळ घातली, वास घेतला, तोंडाशी नेली आणि थुंकली.

"माती लागली," गंगाकाकू म्हणाली. "ऑइल नाय."

भावोजी टाकीच्या काठावर मटकन बसले आणि पंचानं तोंड पुसू लागले. पाऊसच इतका होता की काय पुसतायत ते कुणाला विचारायला नको होतं.

विहिरीचा उपसा वाडीनं तीन वेळा केला. तरी त्या वर्षीच्या गणपतीला पाणी पुरतं निवळलं नव्हतं. वाकणवाडीचे मोदक पालीच्या पाण्यावर उकडले, आणि गंगाकाकूनं कॅन आणणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला दोन-दोन मोदक कागदात बांधून दिले. दिवाळीच्या आसपास एकदा ताई विहिरीचं पाणी उकळून, गाळून, देवाचं नाव घेऊन प्यायली. मग न उकळता प्यायली. गेला होता तो वास.

टाकीतलं आणि शौकतच्या डब्यातलं काळं ऑइल काढून त्याचं करायचं काय, हा प्रश्न वाळवीनं सोडवला. कोकणात वाशांना वाळवी लागू नये म्हणून जळकं ऑइल फासतातच. आता ते फुकट मिळतंय म्हटल्यावर वाडीतल्या घराघराचे वासे, तुळया, दारं काळी कुळकुळीत झाली. पुढची दोन वर्षं ताईकडे झोपलं की आपण लॉरीत बसून मुंबईला निघालोय असं वाटायचं.

मग साहेब आला. कोल्हापूरकडचा तरुण इंजिनियर, नवीनच बदलून आलेला. टाकीभोवती दोनदा फिरला. "हे काय ओ मुकादम? नकाशात तर नाही. कुणाच्या परवानगीनं बांधलं?"

भावोजी जगात कुणाला भीत नसत, साहेब सोडून. नोकरीची थोडीच वर्षं उरली होती, आणि बिनपरवाना बांधकाम म्हणजे घरी बसवायला पुरेसं. हात जोडून उभे राहिले. पण बोलले ते असं: "साहेब, परवानगी कुणाची नाय. माझ्या सांगण्यानं विहीर बाटली, त्याला पण कुणाची परवानगी नव्हती."

ताईनं तांब्याभांडं आणून ठेवलं. साहेब पाणी प्यायला, त्यानं पुन्हा ओतून घेतलं, आणि विचारलं, "ह्याच विहिरीचं?" ताई म्हणाली, "ह्याच." भांडं खाली ठेवून तो उठला. जीपमध्ये बसताना म्हणाला, "मुकादम, मी ही टाकी बघितलेली नाही. पण बघितली असती, तर तिच्यावर झाकण ठेवायला सांगितलं असतं. गुरं पडतील." दुसऱ्या दिवशी भावोजींनी झाकण केलं. सरकारदरबारी ती टाकी कुठेच नाही.

भावोजी रिटायर झाले तरी हद्द चालत राहिले. फक्त आता ते मोरीच्या पलीकडेही जायचे आणि विहिरीत डोकावून यायचे. ड्रायव्हरांना पानं देणंही चालू होतं. नव्वद उजाडायच्या आत, एका थंडीत, दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन ते गेले. जूनमध्ये नव्हे. ताई म्हणाली, "माझ्यावर उपकार केलेन. पावसाळ्यात गेले असते तर जीव मोरीत अडकला असता."

त्यानंतरच्या पहिल्या मे महिन्यात मी ताईकडे गेले होते, नवऱ्याला आणि लेकीला घेऊन. एस.टी.तून उतरले तेव्हा शौकत टाकीवर वाकून, काठीला लावलेल्या करवंटीनं तवंग डब्यात काढत होता. मला बघून म्हणाला, "बाई, मोरी मीच साफ केली हां यंदा. जरा बघा की आरपार." तो पलीकडच्या तोंडाशी गेला आणि मी उकिडवी बसून बघितलं. पलीकडून शौकतचा दाढीवाला चेहरा दिसला. "दिसतो का मी?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "दिसतोस." आणि लगेच उठले, कारण मला रडू येत होतं, आणि शौकतसमोर रडायची लाज वाटत होती.

दुपारी ताईनं पानं घेतली. विहिरीचं पाणी लेक गटागटा प्यायली आणि तिनं आणखी मागितलं. ताईनं माझी वाटी ओढली आणि तिची पळी हळूच, तवंग न हलवता, तळाला गेली.

"ताई," मी म्हटलं, "मला वरचं चालतं गं."

तिचा हात पातेल्यातच थांबला. बाहेर चढावर एक लॉरी रेकत वर येत होती. ती वळणापलीकडे जाईपर्यंत ताई तशीच बसून राहिली.

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि तिनं खालूनच वाढलं.